लॉस एंजेलिसचे 'बिनपक्षी' नगरसेवक: एका फॉरवर्डची झाडाझडती

महापालिका निवडणुकांचा विषय निघाला की एक मजकूर व्हॉट्सॅपवर पुन्हा फिरायला लागतो. थोडक्यात असा: 'अमेरिकेत नगरसेवकाच्या निवडणुकीत पक्षच नसतो. मतपत्रिकेवर फक्त नाव. त्यामुळे लोक माणूस बघून मत देतात. फोडाफोडी नाही, वरून आदेश नाही, भ्रष्टाचार नाही. लॉस एंजेलिससारखं अवाढव्य शहर अवघे १५ नगरसेवक चालवतात. आपल्याकडेही चिन्हं काढून टाका, सगळं ताळ्यावर येईल.'

लॉस एंजेलिसचं नाव घेतलंच आहे, तर तिथलंच बघू.

'अमेरिकेत पक्षच नसतो.' निम्मं खरं. बहुतेक अमेरिकी शहरांत स्थानिक मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, हे बरोबर. पण सगळ्यांत मोठं शहर न्यूयॉर्क. तिथल्या ५१ नगरसेवकांची निवडणूक सरळ पक्षाच्या नावावर होते. फिलाडेल्फियातही तेच. आणि शिकागो? तिथल्या वॉर्डांच्या निवडणुका शंभरेक वर्षांपासून कागदोपत्री पक्षाविना होतात, आणि याच शिकागोत थोरले डेली महापौर असतानाच्या काळात डेमोक्रॅटिक पक्षाची यंत्रणा गल्लीबोळापर्यंत पोचलेली होती. कोणाच्या दारातला बर्फ आधी उचलायचा हेसुद्धा वॉर्डातला पक्षाचा माणूस बघायचा.

लॉस एंजेलिसनं १९०९ साली पक्षाचं नाव काढलं. तेव्हा शहरावर सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीची पकड होती आणि ती पक्षांच्या पुढाऱ्यांमार्फत चालायची. सुधारकांनी पक्षाबरोबर वॉर्डही रद्द केले. सगळे नगरसेवक अख्ख्या शहरातून निवडून येऊ लागले. रेल्वेचा जोर ओसरला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण अख्ख्या शहरात प्रचार परवडणार कोणाला? १९२५ साली १५ वॉर्ड परत आणावे लागले. त्यानंतरही एडवर्ड रॉयबल हे लॅटिनो नगरसेवक निवडून यायला १९४९ उजाडलं, आणि कृष्णवर्णीय नगरसेवक सभागृहात पोचले ते १९६३ साली. टॉम ब्रॅडली त्यांतलेच एक. पुढे तेच वीस वर्षं महापौर होते.

'पक्ष नाही म्हणजे वरून आदेश नाही.' इथे जरा थांबायला हवं. कॅलिफोर्नियाची मतपत्रिका हातात घेतली तर गव्हर्नरपदाच्या उमेदवाराच्या नावाखाली त्याची पक्षपसंती छापलेली असते. त्याच मतपत्रिकेवर पुढे नगरसेवकपदाची नावं येतात. तिथे नावाखाली फक्त व्यवसाय. शिक्षिका, व्यावसायिक, विद्यमान नगरसेवक, असं काहीतरी. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं इथवरच बघितलंय. मतदाराच्या टपालपेटीत मात्र त्याच आठवड्यात डेमोक्रॅटिक पक्षाचं, कामगार महासंघाचं, पोलिसांच्या संघटनेचं अशी रंगीत पत्रकं येऊन पडतात: आमचा पाठिंबा अमुक यांना. हे लपूनछपून चालत नाही.

२०२० सालचा चौथा वॉर्ड घ्या. विद्यमान नगरसेवक डेव्हिड रियू यांच्या पाठीशी हिलरी क्लिंटन आणि नॅन्सी पेलोसी. समोर निथ्या रामन. केरळात जन्मलेल्या, चेन्नईत नागरी सुविधांच्या माहितीवर काम केलेल्या. त्यांना डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांचा आणि डेमोक्रॅटिक सोशलिस्ट या डाव्या संघटनेचा पाठिंबा. एका वॉर्डाच्या, तेही 'बिनपक्षी' निवडणुकीत दिल्लीहून, म्हणजे वॉशिंग्टनहून, अशी मंडळी उतरतात. शेवटी भांडण डेमोक्रॅटिक पक्षाच्याच दोन गटांचं होतं. रामन निवडून आल्या. २०२२ मध्ये महापौरपदासाठी कॅरन बास उभ्या राहिल्या तेव्हा तर खुद्द राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी त्यांना पाठिंबा जाहीर केला.

'फोडाफोडी, पक्षांतर नाही.' त्याच २०२२ मध्ये बास यांच्या विरोधात होते अब्जाधीश बिल्डर रिक कारुसो. हे गृहस्थ पूर्वी रिपब्लिकन, मग कुठल्याच पक्षाचे नाहीत, आणि निवडणुकीच्या वर्षी जानेवारीत डेमोक्रॅट! मतपत्रिकेवर पक्ष छापायचाच नव्हता, तर ही घाई कशाला? कारण शहर डेमोक्रॅटांचं आहे आणि मतदार विचारतोच. कारुसोंनी प्रचारात दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम ओतली, बहुतेक स्वतःच्या खिशातली, आणि तरी हरले.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डच्या बाजूनं सांगितली पाहिजे. १९९३ मध्ये याच शहरानं रिचर्ड रिओर्डन या रिपब्लिकन माणसाला महापौर केलं, आणि दोनदा निवडलं. पक्षाचं नाव छापलेलं असतं तर ते जमलं असतं का, शंका आहे. म्हणजे नाव काढण्याचा परिणाम शून्य नाही. पण रिओर्डनही गडगंज होते आणि त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर त्यात घातले होते.

'लोक माणूस बघून मत देतात.' कुठला माणूस? लॉस एंजेलिसची वस्ती साधारण ३९ लाख. पंधरा वॉर्ड म्हणजे एका नगरसेवकामागे दोन लाख साठ हजार लोक. एवढ्यांना हा माणूस भेटणार कधी? पक्षाचं नाव ही मतदाराच्या हातातली सगळ्यात स्वस्त माहिती; ती काढून घेतली की उरतं ते ओळखीचं नाव, आडनावावरून लावलेला वंशाचा अंदाज आणि 'विद्यमान' हा शिक्का. रामन यांनी रियूंना हरवलं, तेव्हा विद्यमान नगरसेवक पडण्याची ती १७ वर्षांतली पहिली वेळ होती. आपल्याकडे एखाद्या शहरात १७ वर्षं एकही बसलेला नगरसेवक पडला नाही, असं ऐकलंय कधी?

आणि मत द्यायला येतात किती? २०१३ साली महापौरपदाच्या अंतिम फेरीला नोंदलेल्या मतदारांपैकी चौथा हिस्सासुद्धा आला नाही. शेवटी २०१५ मध्ये शहराच्या निवडणुका राज्याच्या आणि देशाच्या निवडणुकांबरोबर घ्यायचा प्रस्ताव मतदानाला टाकला. तो मोठ्या फरकानं मंजूर झाला. त्या दिवशी मतदान झालं होतं दहा टक्क्यांच्या आसपास. तारीख बदलल्यावर २०२२ मध्ये आकडा चाळीसच्या वर गेला.

'भ्रष्टाचार नाही.' हे वाचून लॉस एंजेलिसकर हसेल. होझे हुइझार हे नगरसेवक बांधकाम परवानग्यांच्या समितीचे अध्यक्ष होते. २०१८ मध्ये एफबीआयनं त्यांच्या घरावर छापा घातला, तेव्हा सुमारे एक लाख २९ हजार डॉलर रोख सापडले. बिल्डरांकडून लाच घेण्याच्या प्रकरणात त्यांनी गुन्हा कबूल केला आणि २०२४ मध्ये त्यांना १३ वर्षांची शिक्षा झाली. त्यांचे सहकारी मिचेल इंग्लँडर यांनी लास व्हेगासच्या एका कॅसिनोच्या स्वच्छतागृहात दहा हजार डॉलरचं पाकीट घेतलं आणि तपासात ते दडवायचा प्रयत्न केला; १४ महिने तुरुंग. हुइझार डेमोक्रॅट, इंग्लँडर रिपब्लिकन. पाकिटाला पक्षाचं वावडं नव्हतं. शिवाय सभागृहात पक्ष नाही म्हणजे विरोधी पक्षही नाही. बहुतेक ठराव एकमतानं पार पडतात, आणि प्रत्येक नगरसेवक आपापल्या वॉर्डातल्या जमिनीचा राजा. दुसऱ्याच्या वॉर्डात तो नाक खुपसत नाही, म्हणजे याच्या वॉर्डातही कोणी खुपसणार नाही. हुइझार यांना समितीत अडवणारं होतं कोण?

'अवघे १५ नगरसेवक.' ही बढाई नाही, तिथली तक्रार आहे. मुंबईत २२७ आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार एकामागे सुमारे ५५ हजार लोक. तरी नगरसेवक दिसत नाही म्हणून आपण ओरडतो. पंधराच खुर्च्या असल्या की एकेका खुर्चीसाठी काय चालतं, ते २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर आलेल्या एका ध्वनिफितीत ऐकू आलं. सभागृहाच्या अध्यक्ष नूरी मार्टिनेझ, दोन नगरसेवक आणि कामगार महासंघाचे प्रमुख बसून वॉर्डांच्या सीमा कशा आखायच्या, कोणत्या समाजाचं वजन कुठे वाढवायचं याचा हिशेब मांडत होते. बोलता बोलता एका सहकाऱ्याच्या कृष्णवर्णीय मुलाबद्दल वंशद्वेषी शेरेबाजीही झाली. चौघंही डेमोक्रॅट. मार्टिनेझ यांना राजीनामा द्यावा लागला.

'आपल्याकडेही चिन्हं काढून टाका.' ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतंच की. पॅनेल असतात, आणि कुठलं पॅनेल कोणत्या आमदाराचं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. निकालाच्या संध्याकाळी मुंबईत सगळेच पक्ष 'आमचे इतके सरपंच' म्हणून आकडे देतात.

लॉस एंजेलिसनं स्वतःच्या घरात अलीकडे जे बदललं त्यात मतपत्रिकेवरचा पक्ष कुठेच नाही. मतदानाची तारीख बदलली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी वॉर्डरचना नगरसेवकांच्या हातून काढून स्वतंत्र आयोगाकडे दिली. आणि १५ चा आकडा वाढवायचा का, यावर तिथे बरीच वर्षं वाद चालू आहे.