पंचाण्णव टक्के आणि सोडून दिलेले गणित

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की एक मजकूर दरवर्षी नव्या उत्साहाने मोबाइलवर फिरू लागतो. यंदा तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला, आणि तिची मुलगी नेमकी अकरावीचा अर्ज भरते आहे. बहिणीने मला 'हे खरे आहे का' असे विचारलेच नाही. 'दादा, मग आम्ही अर्जात गणिताऐवजी एस.पी. लिहितो, चालेल ना?' एवढेच विचारले. मजकुरातील दावे थोडक्यात असे आहेत : अर्थशास्त्राच्या नामांकित पदवी अभ्यासक्रमांना बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश मिळतो, पंचाण्णवच्या पुढे गेलेल्याला देशात कुठेही नकार मिळत नाही, प्रवेश परीक्षा ही केवळ औपचारिकता आहे, बारावीला अर्थशास्त्र न घेतलेल्यांनी या वाटेला जाऊच नये, आणि वाणिज्य शाखेतील मुलांनी टक्के खाली ओढणारे गणित सोडून एस.पी., म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, हा विषय घ्यावा, कारण अर्थशास्त्राला गणित लागत नाही.

टक्क्यांचा दावा आधी पाहू. अर्थशास्त्राच्या 'नामांकित' अभ्यासक्रमाचे उदाहरण म्हणून अशा मजकुरात हमखास दिल्ली विद्यापीठाचे नाव असते, आणि नेमक्या त्याच विद्यापीठाने टक्क्यांवरचे प्रवेश २०२२ पासून बंद केले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षीच्या मार्चमध्ये केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशांसाठी सामाईक परीक्षा, म्हणजे सीयूईटी, जाहीर केली आणि तेव्हापासून दिल्ली विद्यापीठातील गुणवत्ता यादी त्या परीक्षेच्या गुणांवर लागते. बारावी उत्तीर्ण असावे लागते, पण यादीत वर-खाली करण्याचे काम बारावीचे टक्के करतात ते दोन उमेदवारांचे परीक्षेतील गुण समान झाले तरच. ज्या परीक्षेवर संपूर्ण यादी उभी आहे तिला औपचारिकता म्हणणाऱ्याने मग बारावीच्या टक्क्यांना काय म्हणायचे ते स्वतःच ठरवावे.

हा दावा एके काळी खरा होता, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. २०२१ पर्यंत दिल्लीत टक्क्यांचेच राज्य होते, आणि त्या वर्षी तर श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने अर्थशास्त्राच्या पहिल्या यादीची मर्यादा थेट शंभर टक्क्यांवर नेली होती. पण तेव्हासुद्धा पंचाण्णववाल्याला त्या दारात उभे राहता आले नसते, याकडे मजकूर लिहिणाऱ्याचे लक्ष गेलेले दिसत नाही. शिवाय ते वर्ष करोनाचे होते. केंद्रीय मंडळाची, म्हणजे सीबीएसईची, बारावीची परीक्षा रद्द झाली होती आणि दहावी, अकरावी व बारावीतील कामगिरीला ३०, ३० आणि ४० टक्के भार देऊन निकाल तयार केले गेले होते. त्या एका मंडळातच ७० हजारांहून अधिक मुलांना पंचाण्णवच्या वर गुण पडले. न झालेल्या परीक्षेच्या गुणांवर शंभर टक्क्यांची मर्यादा लावावी लागली, यावरून त्या गुणांनी निवड किती होत होती याचा अंदाज येतो.

मुंबई विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांत पारंपरिक बी.ए. किंवा बी.कॉम.च्या याद्या अजूनही बारावीच्या गुणांवर लागतात, तेव्हा तिथे टक्क्यांना किंमत आहे. मुंबईच्या आयआयटीतही अर्थशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे आणि आयआयटीच्या प्रवेशासाठी खुल्या गटाला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातील वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. पण तो केवळ उंबरठा आहे, जागा जेईई अॅडव्हान्स्डच्या क्रमांकावर मिळते, आणि त्या परीक्षेला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राशिवाय बसता येत नाही. वाणिज्य शाखेतील मुलीला त्याचा उपयोग शून्य.

आता गणिताकडे येतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर गैरसमज होतील, या चुकीने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा रस्ता कायमचा बदलतो. दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेश माहितीपुस्तिकेत बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्रासाठी कोणते पेपर द्यावे लागतात हे स्पष्ट छापलेले असते : एक भाषा, गणित किंवा उपयोजित गणित, आणि यादीतील आणखी दोन विषय. या चौकटीत गणिताला पर्याय दिलेला नाही. २०२५ च्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक पेपरात ५० प्रश्न, ६० मिनिटे, बरोबर उत्तराला पाच गुण आणि चुकलेल्याला एक गुण वजा असा हिशेब होता. म्हणजे चार पेपरांच्या १००० गुणांपैकी २५० गुण एकट्या गणिताचे. ज्या एस.पी.ने टक्के वाढवायचे, तो विषय सीयूईटीच्या यादीतच नाही. म्हणजे गुण वाढवण्याच्या नादात मुलगी असा विषय घेणार जो परीक्षेत कामाला येत नाही, आणि असा विषय सोडणार ज्याच्यावाचून अर्जच पुढे सरकत नाही. तेही कशासाठी, तर ज्या टक्क्यांना त्या यादीत जवळजवळ किंमत नाही, त्यांच्यासाठी!

'अर्थशास्त्राला गणित लागत नाही' हा समज कुठून येतो हे मला समजते. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात उपयोगिता, मागणीची लवचिकता, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, परकीय व्यापार ही प्रकरणे बहुतांशी व्याख्या, गृहीतके, वैशिष्ट्ये आणि फरक स्पष्ट करा अशा अंगाने येतात. ती चोख पाठ करणाऱ्याला उत्तम गुण पडतात आणि अर्थशास्त्र म्हणजे हेच, असे वाटू लागते. पदवीच्या वर्गात मात्र सीमांत उपयोगिता ही व्याख्या न राहता उपयोगितेच्या फलाचा (फंक्शनचा) विकलज (डेरिव्हेटिव्ह) होते, लवचिकता काढण्यासाठी मागणीच्या फलाचे विकलन करावे लागते, आणि ठरावीक उत्पन्नात ग्राहक काय निवडेल हा प्रश्न मर्यादेखालील महत्तमीकरणाचे गणित बनतो. दिल्लीत पहिल्याच सत्रात प्रारंभिक सूक्ष्म अर्थशास्त्राच्या जोडीला अर्थशास्त्रासाठी गणिती पद्धती आणि अर्थशास्त्रासाठी संख्याशास्त्र असे दोन स्वतंत्र पेपर आहेत. पुढे कुणाला भारतीय सांख्यिकी संस्थेत संख्यात्मक अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यायची असेल, तर तिथल्या प्रवेश परीक्षेच्या दोन पेपरांपैकी एक प्रामुख्याने गणिताचा असतो. बारावीला गणित न घेता हे सर्व नंतर भरून काढणारी मुले असतीलही, पण त्यांच्या जिद्दीच्या भरवशावर इतरांना सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे.

बारावीला अर्थशास्त्र नसेल तर दार बंद, हा दावा उरतो, आणि तो वरच्याच चौकटीत निकालात निघतो : भाषा आणि गणित सोडून इतर दोन विषयांत अर्थशास्त्र असलेच पाहिजे अशी अट नाही. विज्ञान शाखेची मुले गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र घेऊन या अभ्यासक्रमाला जाऊ शकतात, आणि वाणिज्य शाखेत राहून अर्थशास्त्र शिकलेली पण गणित सोडलेली मुले जाऊ शकत नाहीत. मजकुराने नेमके उलटे सांगितले आहे.

राज्य मंडळाच्या मुलांना सीयूईटी जमत नाही, असेही एक शेपूट मजकुराला जोडलेले आहे. त्यात थोडे तथ्य आहे, कारण परीक्षेचा अभ्यासक्रम एनसीईआरटी या केंद्रीय पाठ्यपुस्तक संस्थेच्या बारावीच्या धर्तीवर असतो आणि आपल्या पुस्तकांचा क्रम व भर वेगळा आहे. त्यावर उपाय ती पुस्तके वाचण्याचा आहे, आणि ती एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. परीक्षा मराठीतूनही देता येते.

बहिणीला मी मजकुराचे खंडन पाठवले नाही. माहितीपुस्तिकेतील ते एक पान पाठवले. तिचा फोन आला तेव्हा खरी गोष्ट कळली : भाचीला दहावीच्या गणिताची धास्ती बसली आहे आणि या मजकुराने तिला ती लपवायला एक सन्मान्य कारण मिळवून दिले होते. ही अडचण खरी आहे आणि तिच्याशी दोन वर्षे झगडावे लागेल. अर्थशास्त्र नको असे तिने ठरवले तर ती एस.पी. खुशाल घेऊ दे, मी एका शब्दाने बोलणार नाही. अर्थशास्त्र हवे असेल तर अर्जातील त्या रकान्यात गणित लिहावे लागेल, आणि अर्जाची मुदत संपायला अजून चार दिवस आहेत.