आणीबाणी जाहीर झाली, आता माणसं नेमा
ब्रिटनमधल्या स्थानिक परिषदांच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकांसारख्या संस्थांच्या) हवामानविषयक कामावरचा लेख आवडला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या परिषदेने २०१८ मध्ये हवामान आणीबाणी (म्हणजे हवामानबदल हे तातडीचं संकट असल्याची घोषणा) जाहीर केली आणि २०२० मध्ये निसर्गाच्या ऱ्हासाबद्दल वेगळी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कार्बन घटला म्हणून फुलपाखरं आपोआप परतत नाहीत. रस्त्याकडेचं गवत बी पडेपर्यंत न कापणं कोणत्याही परिषदेला जमेल (कापलेलं गवत मात्र उचलायलाच हवं, नाहीतर माती सकस होऊन दांडगं गवत रानफुलांना दाबतं). इंग्लंडमध्ये २०२४ पासून अनेक नव्या बांधकामांना जैवविविधतेत किमान १० टक्के वाढ करावी लागते, ती ३० वर्षं टिकवायची. पण जागेवर जाऊन तपासणार कोण? परिषदेकडे स्वतःचे परिसंस्था-तज्ज्ञ हवेत. त्यांच्या पगाराची तरतूद आधी करा.