कॅन्सर उपाशी मरत नाही, माणूस अशक्त होतो

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी केमोथेरपी सुरू आहे. दुसऱ्या डोसनंतर त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘कॅन्सरला उपाशी मारा’ असा एक लांबलचक संदेश आला आणि त्यांनी घरात कोणालाही न सांगता तो बारा दिवस पाळला. त्या बारा दिवसांत त्यांचे वजन ५४ किलोवरून ५१ किलोवर आले. नंतर तोच संदेश माझ्या माहेरच्या गटावर आला आणि माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या आईपर्यंतही पोहोचला, म्हणून आता गप्प बसवत नाही.

संदेशात सहा मुद्दे आहेत. साखर, भात आणि पोळी बंद केली की गाठ उपाशी मरते. शरीर आम्लधर्मी झाल्यामुळे कॅन्सर होतो, तेव्हा लिंबू आणि सोडा पिऊन ते अल्कधर्मी करावे. डाळ, दूध आणि अंडी यांतील प्रथिने गाठीला पोसतात. केमोनंतर तोंडाला येणारी धातूसारखी चव ही शरीरातील विष बाहेर पडत असल्याची खूण आहे, म्हणून त्या काळात अन्न घेऊ नये. तांब्याच्या भांड्यातले पाणी आणि गव्हांकुरांचा रस एवढ्यावर एकवीस दिवस काढावेत. आणि शेवटी, हे डॉक्टरांना सांगू नये, कारण ते तुम्हाला थांबवतील.

चौथा मुद्दा मी आधी घेते, कारण आमच्या घरात सर्वांत जास्त नुकसान त्याने केले. मी भेटायला गेले तेव्हा जाऊबाईंसमोर मुगाची पातळ खिचडी होती. स्टीलचा चमचा ओठांना लागताच त्यांनी तो ताटात ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, पत्रा चाटल्यासारखं लागतं. जीभच नको म्हणते आहे, तर मी तिच्यावर जबरदस्ती कशाला करू? विष निघतंय ते निघू दे.” तो संदेश येईपर्यंत हीच बाई चव नसतानाही निग्रहाने चार घास खात होती. त्या संदेशाने तिचा तो निग्रहच चुकीचा ठरवला, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

जिभेवरील चवीच्या पेशी आयुष्यभर टिकत नाहीत. साधारण दहा दिवसांत जुन्या झडून नव्या येतात, म्हणजे त्या सतत वाढणाऱ्या पेशी आहेत. केमोची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि त्यांना गाठीची पेशी कोणती व जिभेची कोणती हा भेद पुरेसा करता येत नाही. ज्या कारणाने केस गळतात आणि तोंड सोलवटते, त्याच कारणाने चवही बिघडते. त्यात लाळ कमी होते, वासाची जाणीव बदलते आणि काही औषधांचा अंश लाळेत उतरल्याने तोंड कडवट होते. औषध शरीराबाहेर जाते ते मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे यांच्या कामामुळे, लघवी आणि शौचावाटे. जिभेला लागणारी चव हे त्याचे मोजमाप नव्हे, आणि न जेवल्याने ते काम लवकर उरकत नाही. उलट जिभेच्या नव्या पेशी घडवायला अन्नच लागते. केमो संपल्यावर बहुतेकांची चव काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परतते. डोके किंवा मान या भागांवर रेडिएशन घेतलेल्यांना मात्र जास्त वेळ लागतो.

चव परत येईपर्यंत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी पैसेही फारसे लागत नाहीत. आम्ही प्रथम स्टीलचे ताट आणि चमचा बाजूला ठेवले आणि चिनी मातीची वाटी व लाकडी चमचा आणला. एवढ्या बदलानेच त्या दिवशी खिचडीची अर्धी वाटी पोटात गेली. जेवणाआधी एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून चूळ भरली की तोंडातील कडवटपणा बराच निवळतो. गरम अन्नाचा वास जास्त येतो आणि मळमळ तिथूनच सुरू होते, म्हणून फोडणी बसत असताना त्यांना दुसऱ्या खोलीत बसवायचे आणि जेवण थंड किंवा कोमट वाढायचे. नाशिक जिल्ह्यात नागलीला कमतरता नाही. शिजवून गार केलेली, ताज्या ताकातली नागलीची आंबील त्यांना पहिल्या दिवसापासून रुचली. पदार्थ अती गोड लागला तर लिंबाचे दोन थेंब किंवा चिमूटभर मीठ घालावे, कडू किंवा खारट लागला तर किंचित साखर घालावी. तोंड आलेले नसेल तर आमसुलाचे सार, कढी आणि लिंबाची फोड यांनी लाळ सुटते. तोंड आले असेल तर आंबट आणि तिखट दोन्ही झोंबतात, तेव्हा ते टाळावे. जिभेवर पांढरे चट्टे दिसले किंवा गिळताना दुखू लागले, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्यावर औषध आहे. घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

या मुद्द्यातील एक गोष्ट मात्र मला नाइलाजाने मान्य करावी लागते. रुग्णावर अन्नाची सक्ती करू नये, हे खरे आहे. घास घेऊन मागे लागणारी माणसे, आणि त्यांत मीही होते, मदत करत नसतात. अमेरिकेत १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केमोच्या आधी एका विशिष्ट चवीचे आइस्क्रीम दिलेल्या मुलांच्या मनात पुढे त्या चवीची नावड बसल्याचे दिसले होते. मळमळ औषधाची असते, पण मन तिचा दोष त्या पदार्थाला देते. म्हणून डोसच्या दिवशी आवडीची पुरणपोळी आग्रहाने खाऊ घालू नये, साधे काहीतरी द्यावे. सक्ती नको याचा अर्थ उपास करा असा मात्र होत नाही.

आता साखरेचा मुद्दा, जो सर्वांत जास्त पसरला आहे आणि ज्यात अर्धे सत्य आहे. ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवून दिले की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज फार मोठ्या प्रमाणात वापरतात. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी ग्लुकोज टोचून गाठ शोधली जाते, तीही याच गुणधर्माच्या आधारे. इथवर संदेश बरोबर आहे. पण ताटातून भात काढला म्हणून रक्तातले ग्लुकोज संपत नाही. मेंदू आणि तांबड्या रक्तपेशी यांना ते लागतेच, म्हणून यकृत ते तयार करत राहते आणि पोटात काही आले नाही तर त्यासाठी शरीर स्नायू मोडते. गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो, झिजतात ते दंड आणि मांड्या. जाऊबाईंच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या तेव्हा आम्हाला हे डोळ्यांनी दिसले. ज्यांना मधुमेह आहे, किंवा केमोसोबतच्या स्टेरॉइडने ज्यांची साखर वाढते, त्यांनी गोड पदार्थांवर डॉक्टरांच्या सल्ल्याने लक्ष ठेवावेच. पण तो साखर आटोक्यात ठेवण्याचा उपाय आहे, गाठ मारण्याचा नाही.

या बाबतीत मी एकच आधार देते, कारण तो पुरेसा आहे. ‘एस्पेन’ या युरोपातील पोषणविषयक वैद्यकीय संस्थेने कॅन्सरच्या रुग्णांच्या आहाराविषयी २०१७ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण २५ ते ३० किलोकॅलरी ऊर्जा आणि १ ग्रॅमहून अधिक, शक्य असल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत. कुपोषित असलेल्या किंवा तसा धोका असलेल्या रुग्णांनी अन्न तोडणारे आहार घेऊ नयेत, आणि कॅन्सर खात्रीने बरा करणारा कोणताही आहार माहीत नाही, हेही त्यांत स्पष्ट लिहिले आहे. जाऊबाईंच्या ५४ किलो वजनाला याचा हिशोब ५४ ते ८१ ग्रॅम प्रथिने असा होतो. लिंबूपाणी, गव्हांकुरांचा रस, काकडी आणि पपई या त्यांच्या बारा दिवसांच्या आहारात रोजची दहा ग्रॅमही प्रथिने जात नव्हती.

प्रथिने गाठीला पोसतात हा तिसरा मुद्दा त्या हिशोबातच निकालात निघतो. दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम, पाऊण पाव पनीरमधून तीसेक ग्रॅम, आणि घट्ट वरणाच्या एका वाटीतून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. मटण लोखंडासारखे लागत असेल तर ते सोडून अंडे, पनीर, दही, डाळ यांकडे वळावे. प्रथिने सोडू नयेत.

आम्ल-अल्काच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसे आणि मूत्रपिंडे सांभाळतात, लिंबूपाण्याने बदलतो तो फार तर लघवीचा. संदेशात ज्या नोबेलचा दाखला आहे ते वॉरबर्ग यांना १९३१ साली मिळाले, पण पेशींच्या श्वसनातील एका विकराच्या संशोधनासाठी. अल्कधर्मी शरीरात कॅन्सर जगत नाही असे काही त्या पुरस्काराने सिद्ध झालेले नाही. खायचा सोडा रोज पिण्याने शरीरात सोडियम जाते, आणि जाऊबाईंना रक्तदाबाची गोळी आहे. त्या सोड्याचा उपयोग वर सांगितलेल्या चुळीपुरता ठेवावा.

तांब्याची कळशी त्यांनी भांडीबाजारातून मुद्दाम मागवली होती. ज्या तोंडाला आधीच धातूची चव येते त्याला तांब्याचे पाणी द्यावे, हे मला अजून समजलेले नाही. गव्हांकुरांविषयी मात्र गंभीरपणे सांगायला हवे. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. अशा वेळी ओलसर मातीत उगवलेले, न शिजवलेले अंकुर वाटून पिणे म्हणजे जंतूंना वाट मोकळी करून देणे आहे. कच्चे मोडही त्या काळात टाळावेत. फळे बंद करण्याचे कारण नाही. आपल्याकडची द्राक्षेसुद्धा वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन खाता येतात, केळी आणि संत्री सोलूनच खायची असतात. ताप १००.४ अंशांवर गेला, तर रात्र असो की पहाट, वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि डॉक्टरांना सांगू नका, हा सहावा मुद्दा. बाकीचे पाच चुकीचे असले तरी वेळीच सावरता आले असते, पण या एका ओळीमुळे ते आमच्यापासून बारा दिवस लपून राहिले. काही वनौषधी आणि फळांचे रस केमोच्या औषधांच्या कामात अडथळा आणतात, म्हणून पोटात काय जाते हे उपचार करणाऱ्याला कळलेच पाहिजे. जाऊबाई घाबरत होत्या की डॉक्टर रागावतील. प्रत्यक्षात आहारतज्ज्ञ बाईंनी वजनाचा काटा पाहिला, “काल सकाळपासून काय काय खाल्लंत?” एवढेच विचारले आणि ते रोज लिहून आणायला सांगितले. ती वही आता त्यांच्या उशाशी असते. कालच्या तारखेखाली त्यांच्याच अक्षरात लिहिले आहे: आंबील दोन वाट्या, उकडलेली अंडी दोन, दहीभात, पनीर थोडे, कढी, चव नाही, पण गेले.