पानमोट फुटल्यावर नारळपाणी पीत घरी थांबू नका

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात लिहिलंय: गरोदरपणी पाणी गेलं तर घाबरू नका. भरपूर पाणी आणि नारळपाणी प्या, पाय उंच करून झोपा, पाणी परत भरतं. मेडिकलमधून अँटिबायोटिक घ्या आणि कळा आल्या की दवाखान्यात जा. मी यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्स आहे. शिकलेल्या मुलीही हा मेसेज पुढे पाठवताहेत, म्हणून लिहिते.

पाणी प्यायल्याने पाणी भरतं, हे अर्धंच खरं आहे. पानमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, शाबूत असेल आणि सोनोग्राफीत पाणी कमी दिसलं, तर आईने जास्त पाणी प्यायल्यावर ते थोडं वाढू शकतं. पण फुटलेल्या पिशवीतून ते गळतच राहतं. पाचव्या महिन्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते. ती रोज तयार होते आणि रोज वाहून जाते. क्वचित छिद्र मिटतंही, पण ते घरी खाटेवर पडून कळत नाही. शिवाय त्याच वाटेने जंतू आत शिरतात, त्यावर नारळपाणी काय करणार?

कळा येईपर्यंत थांबा, हे वाचून तर अंगावर काटाच आला. मागच्या हंगामात एक बाई संध्याकाळी माझ्याकडे आली. आठवा महिना लागलेला, लुगडं घोट्यापर्यंत ओलं, कमरेच्या कापडात कापूस तसाच. म्हणे, "सिस्टर, लघवी थांबूनच नाही राह्यली जी." सकाळपासून गळत होतं, पण कापसाचं वजन व्हायचं होतं म्हणून ती वेचतच राहिली. वास लघवीचा नव्हता. कळ एकही नव्हती, आणि नेमक्या अशाच वेळी हातात वेळ असतो. २४ ते ३४ आठवड्यांत बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोन देतात, ६ मिलिग्रॅमची ४ इंजेक्शनं, १२-१२ तासांनी. डॉक्टरांना फोन करून पहिलं मीच दिलं आणि तिला जिल्ह्याला पाठवलं. कळांची वाट पाहत बसली असती, तर औषधाला काम करायला वेळच उरला नसता. दिवस भरलेले असले तरी लगेच निघायचं. बहुतेकींना २४ तासांत कळा येतात, पण तोवर बाळाकडे लक्ष ठेवायला कुणी तरी हवं.

अँटिबायोटिक लागतं, पण कुठलंही चालत नाही. अवेळी पाणी गेलं तर एरिथ्रोमायसिन देतात, २५० मिलिग्रॅम, दिवसातून ४ वेळा, १० दिवस. काउंटरवर सहज मिळणारं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड अशा वेळी टाळतात, कारण त्याने कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना गंभीर आजार होण्याचा धोका वाढतो.

पाय उंच करून झोपल्याने गळती थांबत नाही. नाळ बाहेर आलेली दिसली तर मात्र कंबर उंच ठेवून झोपवा आणि गाडी बोलवा.

मेसेजमध्ये नाही, पण गावात होतं ते सांगते: दाईला आत हात घालून तपासू देऊ नका, त्याने जंतुसंसर्ग वाढतो. स्वच्छ पांढरं सुती कापड लावा आणि तेच सोबत आणा. पाणी हिरवट असेल, घाण वास येत असेल, ताप असेल, बाळ कमी फिरत असेल, तर निघण्याआधी चहासुद्धा टाकू नका. १०२ किंवा १०८ लावा. गरोदर बाईला दोन्ही फुकट आहेत.