डॉ. निकवर राग कशाला?

'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टूनमधल्या डॉ. निक रिव्हिएरा या भोंदू डॉक्टरच्या क्लिपा मुलांना दाखवू नका, असा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या मुंबईतल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. कारणं तीन दिली आहेत. एक, डॉक्टरांवरचा विश्वास उडतो. दोन, वैद्याची टिंगल आपल्या संस्कृतीत बसत नाही. तीन, बोगस डॉक्टर हा जीवघेणा विषय आहे, त्यावर हसायचं नसतं.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो सगळ्यात पोकळ आहे. 'वैद्यराज नमस्तुभ्यं यमराजसहोदर' हे सुभाषित शाळेत ऐकलेलं असतं: यम नुसते प्राण नेतो, वैद्य प्राणही नेतो आणि पैसेही. दुसरं तर याहून जहाल आहे. पेटलेली चिता बघून वैद्य चक्रावतो, की मी गेलो नव्हतो, माझा भाऊही गेला नव्हता, मग ही करामत कोणाची? अमेरिकेत टीव्ही यायच्या कितीतरी आधी आपण हे पाठ करून बसलो होतो.

आता विश्वासाचं. त्याच मालिकेत डॉ. हिबर्ट आहे. तो भलत्या वेळी खो-खो हसतो, पण त्याला त्याचं काम येतं. निकला येत नाही. 1992 च्या बायपासच्या भागात हिबर्ट ऑपरेशनचा खर्च 30 हजार डॉलर सांगतो, ऐकून मालिकेतला बाप होमर, म्हणजे पेशंट, त्याला झटका येतो, आणि हिबर्ट लगेच आकडा 40 हजार करतो. विमा मिळत नाही. मग टीव्हीवर निकची जाहिरात दिसते: कुठलंही ऑपरेशन 129.95 डॉलर! टेबलावर होमरची छाती उघडी, आणि हे महाशय लाल ते काहीतरी आपल्या मनगटी घड्याळाला जोडलंय म्हणून गडबडतात. शेवटी वर गॅलरीत बसलेली त्याची शाळकरी मुलगी लिसा एकेक पायरी सांगते तेव्हा होमर वाचतो. यात टिंगल कोणाची झाली? खऱ्या डॉक्टरची की त्याच्या बिलाची? 1996 च्या एका भागात तर डॉक्टरांच्या चुकांची चौकशी करणारी समिती निकला समोर बसवून जाब विचारते. सीफूड रेस्टॉरंटच्या काट्या-सुरीने मोठी ऑपरेशनं केलीत? त्याचं उत्तर: पण नॅपकिनने पुसली होती ना! एवढं बघूनही ज्या मुलाला सगळेच डॉक्टर असे वाटतील, त्याचा प्रॉब्लेम कार्टून नाही.

(आणि हो, ही मालिका मुळात बालवाडीसाठी नाहीच. लहानग्यांना नका दाखवू, माझी काही हरकत नाही.)

तिसरा मुद्दा मात्र खरा आहे, अर्धा. गोवंडी-मानखुर्दकडे पोलिसांनी बोगस दवाखान्यांवर धाड टाकल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. अर्धं शटर, बोर्डावर पदव्यांची रांग पण नोंदणी क्रमांक नाही, आल्या आल्या सुई आणि कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या. लोक तिथे अडाणी म्हणून जातात असं फॉरवर्डवाल्यांना वाटतं. सायनला नाहीतर केईएमला ओपीडीच्या रांगेत सकाळ गेली की दिवसाची हजेरी बुडते, हे त्यांना कोणी सांगावं? भोंदू रात्री दहालाही उघडा असतो, उधारीही ठेवतो. महापालिकेने 2022 मध्ये सुरू केलेल्या 'आपला दवाखान्यां'ना संध्याकाळची वेळ ठेवावी लागली, ती याचसाठी. होमरही स्वस्त म्हणूनच निककडे गेला होता. म्हणजे विषय गंभीर आहे हे मालिकेच्या लेखकांना बहुधा फॉरवर्ड लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

आणि निकची पदवी कुठली, तर 'हॉलिवूड अपस्टेअर्स मेडिकल कॉलेज', म्हणजे माडीवरचं कॉलेज! हे ऐकून हसलेला पोरगा उद्या दवाखान्यात भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचायला गेला, तर बिघडलं काय? क्रमांक लिहून घ्या, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव शोधा. एमबीबीएसवाल्याचं नाव तिथे असायलाच हवं.