तारापूरचं इंधन नेमकं कुठे अडलं होतं?

नमस्कार,

अमेरिकेच्या युरेनियम आयातीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की स्वतःच्या खाणी बंद पडू देऊन परदेशी युरेनियम घेत राहणं म्हणजे आपली मान दुसऱ्याच्या हाती देणं. 2019 साली अमेरिकेने देशी युरेनियमसाठी कोटा मागणाऱ्या खाणवाल्यांची मागणी फेटाळली तिथेच ती चुकली, आणि तारापूरचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाने तरी त्या निर्णयाची बाजू घ्यायला नको होती.

मग तारापूरपासूनच सुरुवात करू. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 साली सुरू झाल्या. 1963च्या करारानुसार त्यांचं इंधन अमेरिकेने तीस वर्षं द्यायचं होतं. 1974 मध्ये पोखरणची चाचणी झाली, 1978 मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसार रोखणारा नवा कायदा केला आणि पुरवठा आटला. इथवर तुमचं बरोबर आहे. पण त्या सगळ्या काळात आजच्या झारखंडमधली जादूगुडाची युरेनियम खाण चालू होती! युरेनियम आपल्याच जमिनीतून निघत होतं, तरी तारापूरची अडचण त्याने सुटत नव्हती, कारण त्या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं. खाणीतून येणाऱ्या युरेनियममध्ये भट्टीत ऊर्जा देणारं युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के असतं, आणि ते प्रमाण वाढवलं की ते समृद्ध युरेनियम. ते प्रमाण वाढवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर करणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. पुढे फ्रान्सने, मग चीनने, मग रशियाने इंधन दिलं, म्हणून तारापूर चालत राहिलं.

अमेरिकेचंही दुखणं हेच आहे. 2018 मध्ये तिथल्या दोन खाण कंपन्यांनी मागणी केली, की देशातल्या बाजारपेठेचा 25 टक्के हिस्सा देशी युरेनियमसाठी राखून ठेवा. ट्रम्प यांनी जुलै 2019 मध्ये ती नाकारली, आणि मला ते आजही योग्य वाटतं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाकडून येणारं खनिज अडवून अमेरिका सुरक्षित झाली नसती. केंटकीमधला पड्युका इथला समृद्धीकरणाचा जुना कारखाना 2013 मध्ये बंद पडला. त्यानंतर व्यापारी प्रमाणावर हे काम करणारा एकच मोठा कारखाना तिथे उरला, न्यू मेक्सिकोतल्या युनिसचा, आणि तोही युरोपीय मालकीचा. अमेरिकी अणुभट्ट्यांना लागणाऱ्या समृद्ध युरेनियमचा जवळपास चौथा हिस्सा रशियाकडून येत होता. खाणीला कोटा दिल्याने यातलं काय बदललं असतं?

आणि खाणी पुन्हा उघडा म्हणताना त्या कुणाच्या दारात उघडायच्या, हेही बोलायला हवं. 16 जुलै 1979 रोजी न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉक इथे युरेनियम खनिजावर प्रक्रिया करणाऱ्या गिरणीचा सांडपाण्याचा बांध फुटला आणि सुमारे 35 कोटी लिटर किरणोत्सारी, आम्लयुक्त पाणी पुएर्को नदीत गेलं. त्या नदीकाठी नवाहो या मूलनिवासी अमेरिकी लोकांची गुरं चरत होती. त्यांच्या भूमीवर सोडून दिलेल्या युरेनियम खाणी पाचशेहून जास्त आहेत. 2005 मध्ये त्यांनी स्वतःचा कायदा करून युरेनियम खाणकामावर बंदी घातली. जादूगुडाच्या आसपासच्या आदिवासींनीही आरोग्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं मांडल्या आहेत. ‘देशी’ हा शब्द वापरताना ही माणसं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आता माझी चूक. ‘आयातीवर मर्यादा घालून काही साधत नाही’ असं मी सरसकट लिहिलं होतं. ते तुम्ही पकडलंत, त्याबद्दल आभार. अमेरिकेचा 2024चा कायदा वेगळा आहे. त्याने फक्त रशियाचं समृद्ध युरेनियम अडवलं, 2027 अखेरपर्यंत गरजेपुरती सवलत देण्याची सोय ठेवली, आणि देशात समृद्धीकरण वाढवण्यासाठी 2.72 अब्ज डॉलर मोकळे केले. म्हणजे दार लावण्याआधी घरात चूल पेटवायची तजवीज केली. तरी नोव्हेंबर 2024 मध्ये रशियाने स्वतःहूनच अमेरिकेकडे जाणाऱ्या इंधनावर निर्बंध घातले. असा कायदा दहा वर्षं आधी, पड्युका बंद होताना यायला हवा होता.

लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे. 25 टक्के कोट्याविषयीचा परिच्छेद मात्र तसाच ठेवतो आहे.