काळू-बाळू आणि आमचे आजोबा

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये गणपतीच्या कार्यक्रमांचा विषय निघाला. मी म्हटलं, एक दिवस वगनाट्य ठेवू. एक गृहस्थ लगेच म्हणाले, "तमाशा? इथं सुशिक्षित लोक राहतात." चारजण हसले. घरी आलो, जेवण गेलं नाही.

सुशिक्षित! सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ, जन्म १९३३ चा. घरातच तमाशाचा फड. आधीच्या पिढ्यांत सातू-हिरू, मग शिवा-संभा, मग हे दोघे. 'जहरी प्याला' वगात हवालदार काळू-बाळू झाले आणि लोक त्यांची खरी नावंच विसरले.

मी सातवीत होतो. त्या वर्षी थोरले चुलते विहिरीत पडून गेले. आजोबांनी बोलणंच टाकलं. जत्रेला काळू-बाळूचा फड आला तेव्हा शेजारच्या आप्पांनी त्यांना ओढूनच नेलं, मागोमाग मी. गण झाला, गवळण झाली, आजोबा दगडासारखे. मग वग लागला. खाकीतले ते दोघे, एका तोंडवळ्याचे, शेजारी शेजारी येऊन उभे राहिले. तोंड उघडायच्या आधीच अख्ख्या तंबूत हशा. मी वळून बघितलं, तर धोतराचा सोगा तोंडात कोंबून आमचा म्हातारा गदगदा हलत होता.

करून दाखवा ना हे कुणी! सोंगाड्याच्या हातात लिहिलेली संहिता नसते. प्रसंग ठाऊक, बाकी सगळं तिथल्या तिथं जुळवायचं, समोर बसलेलं गाव बघून. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत आज हे गाव, उद्या ते. झोप ट्रकमध्ये, सामानावर. आणि पाटील-फौजदारांची टोपी त्यांच्यादेखत उडवायची. एरवी गावात कुणाची छाती होती?

पाचकळपणा असायचा, मान्य. आमच्या आजीला कधी कुणी तिकडे नेलं नाही, तेही मान्य. पण म्हणून त्या कलेला नाक मुरडायचं?

२०११ ला लहू गेले. बातमी वाचली तेव्हा मला आधी तो सोगाच आठवला.

लिहिता लिहिता राग उतरलाय. त्या गृहस्थांनी फड कधी पाहिलाच नसेल. कुणी नेलंच नसेल त्यांना.

पहाटे आम्ही घरी आलो. आजी चूल पेटवत होती. आजोबा दारातच थांबले, टोपी नीट केली आणि तिला कडक सॅल्यूट ठोकला. आजी फुंकणी हातात धरून बघतच राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला.